गन हिल संकेत ठाणे

गन हिल : वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटावर, सेंट जॉर्ज परगण्यात असलेले ब्रिटिश लष्कराचे जुने टेहळणी व संकेत ठाणे. समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे 700 फूट. येथून नैर्ऋत्येस ब्रिजटाउनपर्यंतचा सखल प्रदेश व त्यापलीकडचा समुद्र दिसतो. बेट एकंदरीत सपाट असल्याने एवढ्या उंचीचेही महत्त्व मोठे होते.

ठाण्याचा बुरूज साधारणपणे 1818 मधील मानतात. हे ठाणे कशासाठी उभारले गेले, याविषयी मात्र एकमत नाही. जुन्या वर्णनांत शत्रूच्या गलबतांवर नजर ठेवणे हे कारण पुढे येते. परंतु फ्रान्सशी चाललेली दीर्घ युद्धे 1815 मध्ये संपली होती आणि एप्रिल 1816 मध्ये, ईस्टरच्या रविवारी, बेटावर गुलामांचा मोठा उठाव झाला होता. बसा (Bussa) नावाच्या गुलामाशी जोडला गेलेला हा उठाव उसाचे फड पेटवून सुरू झाला आणि एका मळ्यावरची आग दुसऱ्या मळ्याला खूण ठरली. उठाव काही दिवसांतच चिरडला गेला, तरी किनाऱ्यावरील छावणीला बेटाच्या आतील हालचालींची वर्दी लवकर मिळत नाही, ही उणीव उघड झाली. ही कालसंगती पाहता ठाण्याची नजर समुद्राइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, मळ्यांवर होती, असे मानणेच सयुक्तिक ठरते. (उठावाच्या नेतृत्वात बसाचा वाटा नेमका किती, हा इतिहासकारांमधील वेगळा वाद आहे.)

गन हिल हे सहा ठाण्यांच्या साखळीतील एक होय. हायगेट, मॉनक्रीफ, कॉटन टॉवर, ग्रेनेड हॉल व डोव्हर फोर्ट ही इतर पाच ठाणी. एका ठाण्यावरून दिसेल असे दुसरे, या तत्त्वावर त्यांच्या जागा निवडल्या होत्या. दिवसा निशाणे व रात्री कंदील यांच्या साहाय्याने संदेश पुढे धाडला जाई. त्यामुळे धुके वा मुसळधार पाऊस आला, की साखळी तुटे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेटावर टेलिफोन आल्यावर ही पद्धत निरुपयोगी ठरली. किनाऱ्यावरील छावणीत पीतज्वराची साथ पसरली, की सैनिकांना हवापालटासाठी गन हिलवर आणीत.

बुरुजाच्या खालच्या उतारावर चुनखडीत कोरलेला, पांढरा रंग दिलेला सिंह उभा असून त्याचा पंजा एका गोलावर आहे. कॅप्टन हेन्री विल्किन्सन या अधिकाऱ्याने तो 1868 मध्ये कोरवून घेतला. पायथ्याच्या लॅटिन लेखात नदीपासून समुद्रापर्यंत आणि समुद्रापासून पृथ्वीच्या टोकापर्यंतच्या सत्तेची घोषणा असून त्यावर बायबलमधील 72 व्या स्तोत्राची छाया स्पष्ट आहे. लेख कोरला गेला, तेव्हा बेटावरील गुलामगिरी कायद्याने संपून तीन दशके झाली होती.

पडझड झालेल्या या ठाण्याचा जीर्णोद्धार बार्बाडोस नॅशनल ट्रस्टने 1982 मध्ये केला. आत लष्करी वस्तूंचे लहानसे प्रदर्शन, तर बाहेर जुन्या तोफा आहेत. बुरुजावर चढलेल्याला खालच्या खोऱ्यात अजूनही ऊस दिसतो.