चित्ताची एकाग्रता

चित्ताची एकाग्रता : ध्यानाच्या अभ्यासात मन एका आलंबनावर ठेवण्याची, आणि ते तिथून सुटले की पुन्हा तिथेच आणण्याची सवय. आलंबन म्हणजे मनाला दिलेला आधार. श्वास, नाम, दिव्याची ज्योत, मूर्ती, यांपैकी कशाचाही आधार चालतो. योगसूत्रांत चित्त एका ठिकाणी बांधण्याला ‘धारणा’ म्हटले आहे आणि त्याच ठिकाणी जाणिवेची धार अखंड राहिली की तिला ‘ध्यान’. पाली ग्रंथांत ‘चित्तेकग्गता’ हा शब्द येतो. बोली मराठीत ‘ध्यान’ याहून जवळचे आहे. “ध्यान कुठंय तुझं?” असे आई विचारते तेव्हा तिला अवधान हवे असते आणि “ध्यानात ठेव” म्हणते तेव्हा स्मरण. ही दोन्ही कामे एकाच शब्दाने व्हावीत हे योग्यच आहे, कारण बौद्ध साधनेतला ‘सति’ हा शब्दही मूळचा ‘स्मृती’च. एकाग्र होताना माणूस आपण काय धरले होते ते पुन्हा पुन्हा आठवत असतो.

मराठवाड्यात या विषयाची सर्वांत परिचित कथा पैठणच्या एकनाथांची आहे. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार. परंपरा सांगते की स्वामींनी नाथांना हिशेब लिहायला बसवले. एकदा ताळेबंदात एका पैची चूक राहिली. नाथ रात्रभर दिव्यापाशी वह्या उलगडत बसले आणि पहाटे चूक सापडताच आनंदाने टाळी वाजवली. स्वामी म्हणाले, एका पैसाठी चित्त असे लागते, तर ते देवाकडे लागले तर काय होईल! पुढे त्यांनी नाथांना खुलताबादजवळच्या शूलिभंजनच्या डोंगरावर अनुष्ठानाला पाठवले. कीर्तनात रंगते ती टाळी. अभ्यासाच्या दृष्टीने मात्र टाळीआधीची रात्र मोलाची आहे. आकडा हरवतो, ओळ चुकते, डोळे जड होतात आणि बोट पुन्हा त्याच नोंदीवर येते. श्वासावर बसणाराही हेच करतो. नाथांकडे एकाग्रता आधीच होती. गुरूंनी तिचे आलंबन बदलले.

श्वासाच्या साधनेला पालीत ‘आनापानसति’ म्हणतात. पाठ ताठ ठेवून पण अंग न आवळता बसायचे, डोळे मिटायचे आणि नाकपुड्यांच्या तोंडाशी श्वास जिथे लागतो तिथे लक्ष ठेवायचे. श्वास जसा असेल तसा. तो लांबवायचा नाही, रोखायचा नाही. पाचव्या शतकात श्रीलंकेत रचलेल्या ‘विसुद्धिमग्ग’ या बुद्धघोषांच्या ग्रंथात नवख्यासाठी मोजणी सांगितली आहे : पाचाच्या आत थांबू नये, दहाच्या पुढे जाऊ नये. त्यातला करवतीचा दाखला तर कोणत्याही सुताराला पटेल. लाकूड कापणाऱ्याची नजर करवतीबरोबर पुढेमागे धावत नाही, दाते लाकडाला लागतात तिथेच ती असते.

याच ग्रंथात चाळीस आलंबने दिली आहेत. त्यांत ‘पृथ्वीकसिण’ म्हणजे अरुणरंगी मातीचा सारवलेला गोल : सुपाएवढा किंवा परळाएवढा (परळ म्हणजे मातीची बशी), आणि त्यापासून अडीच हातांवर बैठक. तो आधी उघड्या डोळ्यांनी पाहायचा आणि मग मिटल्या डोळ्यांपुढे उभा करायचा.

मनाला अडवणाऱ्या पाच गोष्टींना ‘नीवरणे’ म्हणतात : वासना, द्वेष, सुस्ती, चलबिचल व पश्चात्ताप, आणि शंका. सुरुवातीला सर्वाधिक छळते ती सुस्ती. मराठवाड्याच्या वैशाखात दुपारच्या जेवणानंतर बसून पाहिलेल्याला हे सांगावे लागत नाही. इथे पहाटच खरी. डुलकी येऊ लागली तर डोळे उघडावेत, उजेडाकडे पाहावे, उठून चार पावले चालावे.

अभ्यासाची जागा कशी असावी हे या प्रदेशातल्या कातळात कोरलेले आहे. अजिंठ्याची बहुतेक लेणी विहार, म्हणजे भिक्खूंची निवासस्थाने, आहेत. क्रमांक 12 च्या जुन्या विहारात तीन बाजूंना चार चार अशा बारा खोल्या, आत दगडी मंच. वेरूळच्या तीन ताल लेण्यात वरच्या मजल्यावर ध्यानमुद्रेतले सात बुद्ध ओळीने बसले आहेत. त्याच डोंगरातल्या जैन लेण्यांत तपस्वी बाहुबली ध्यानात उभा आहे आणि त्याच्या अंगावर वेली चढल्या आहेत. शेजारी खुलताबादला चिश्ती सूफींच्या दर्गा आहेत. सूफी साधनेतला ‘मुराकबा’ म्हणजे हृदयावर लक्ष ठेवून बसणे. इतक्या थोड्या अंतरात बसण्याच्या इतक्या रीती क्वचितच सापडतील.

छत्रपती संभाजीनगरातल्या नागसेनवन या शैक्षणिक परिसराच्या नावातही हा विषय आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 मध्ये इथे सुरू केलेल्या महाविद्यालयाला पुढे मिलिंद राजाचे नाव मिळाले. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात हा राजा समाधीचे, म्हणजे चित्ताच्या एकाग्रतेचे, लक्षण विचारतो. भिक्खू नागसेन सांगतात, घराचे सगळे वासे जसे आढ्याकडे, म्हणजे छपराच्या माथ्यावरच्या आडव्या लाकडाकडे, जातात, तसे सारे कुशल (चांगले) गुण समाधीकडे झुकतात. माळवदाच्या, म्हणजे सपाट छपराच्या, घरात वाढलेल्याला हे आढे कल्पनेने उभे करावे लागेल, पण उपमा नेमकी आहे.

आज विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरांत पहिले तीन दिवस केवळ आनापान असते. पहाटे चारला उठणे आणि दहाव्या दिवसापर्यंत मौन. राज्यातल्या शाळांसाठीच्या ‘मित्र’ उपक्रमातही मुलांना हेच थोड्या मिनिटांसाठी शिकवले जाते. मुलांना रागावून बसवले तर ते शिक्षाच समजतात.

मन भटकले की साधक निराश होतात, ते अनाठायी आहे. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात 14 अनुभवी साधकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये श्वासावर लक्ष ठेवायला सांगितले आणि मन भटकल्याचे कळताच बटण दाबायचे होते. अनुभवी असूनही त्यांची मने भटकली. संशोधकांनी एकेका फेरीचे चार टप्पे मांडले : भटकणे, ते कळणे, लक्ष वळवणे, टिकणे. यांतले मधले दोन म्हणजेच अभ्यास; भटकल्याशिवाय ते घडत नाहीत.

तीव्र नैराश्य किंवा अन्य गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी दीर्घ मौन शिबिराआधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे आणि आयोजकांनाही सांगावे. चालू औषधे मनाने बंद करू नयेत. घरी सुरुवात करायची तर रोज ठरलेल्या वेळी दहा मिनिटे पुरतात.