पीएसए तपासणीला येताना गोळ्यांची बाटलीही आणा

"प्रोस्टेटच्या कॅन्सरवर चिनी जडीबुटीच्या गोळ्या खरंच लागू पडतात का हो?" आमच्या लॅबच्या काउंटरवर हा प्रश्न सारखा येतो. कुणाचा मुलगा परदेशातून बाटली आणतो, कुणी ऑनलाइन मागवतं. गोळ्या घ्याव्यात की नाही, हे तुमच्या डॉक्टरांनी सांगायचं. या गोळ्यांनी रिपोर्टचा काय घोळ होतो, ते मात्र आम्हीच सांगायला हवं.

आमच्या फॉर्मवर 'चालू औषधे' असा रकाना आहे. त्यात बीपीची गोळी लिहिली जाते, शुगरची लिहिली जाते. चूर्ण, काढा, चिनी कॅप्सूल यांचा मात्र पत्ता नसतो. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "अहो, तो झाडपाला, ते काय औषध आहे?" मग पीएसए, म्हणजे प्रोस्टेटसाठीच्या रक्त तपासणीतला आकडा, अचानक खाली आलेला दिसतो, डॉक्टर बुचकळ्यात पडतात, पुन्हा रक्त द्यावं लागतं आणि तुमची आणखी एक खेप होते.

पीएसए हे प्रोस्टेटच्या पेशींनी बनवलेलं प्रथिन. ते किती बनवायचं, हे बऱ्याच अंशी टेस्टोस्टेरॉनवर ठरतं. कॅन्सरच्या पेशीही बहुधा याच हार्मोनवर पोसतात. हार्मोन दाबलं की गाठीची वाढ मंदावू शकते आणि पीएसएही उतरतो. त्यामुळे आकडा उतरला तर तो कशामुळे, हे डॉक्टरांना कळायलाच हवं.

याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे 'पीसी-स्पेस'. आठ वनस्पतींचं हे मिश्रण 1996 पासून अमेरिकेत विकलं जायचं. त्यात ज्येष्ठमध, शेवंती, रेशी मशरूम अशा चिनी वैद्यकातल्या सात आणि अमेरिकेतली सॉ पाल्मेटो ही आठवी. 1998 मध्ये आठ रुग्णांवरचा अभ्यास छापून आला. आठही जणांचा पीएसए उतरला होता. पण आठही जणांची छाती दुखरी झाली, कामेच्छा गेली आणि एकाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली. ही लक्षणं स्त्री-हार्मोनच्या औषधाची. पुढे वेगवेगळ्या बॅचेस तपासल्यावर डीईएस हे कृत्रिम स्त्री-हार्मोन, इंडोमेथॅसिन ही वेदनाशामक गोळी आणि रक्त पातळ करणारं वॉरफरिन सापडलं. लेबलवर यातलं एकही नाव नव्हतं! 2002 मध्ये माल बाजारातून परत घ्यावा लागला आणि चालू असलेल्या चाचण्याही थांबल्या.

म्हणजे वनस्पतींत काहीच नसतं असं नाही. त्याच मिश्रणातल्या स्कुटेलारिया आणि रॅब्डोसिया यांच्यातल्या द्रव्यांनी प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशींची वाढ रोखल्याचं दिसलं आहे. पण काचेच्या बशीत जमलं ते माणसात जमेलच असं नसतं. मोठ्या चाचण्यांत सिद्ध होऊन प्रोस्टेट कॅन्सरचा प्रमाणित उपचार ठरलेलं एकही चिनी मिश्रण आज नाही.

आमच्या ताई फार चौकशा करतात, अशी तक्रार कधी कधी येते. दोन मिनिटं जास्त जातात, कबूल. पण बाटलीत वॉरफरिनसारखं काही असेल आणि पुढे बायोप्सी (तुकडा काढून तपासणी) ठरलेली असेल, तर ती दोन मिनिटं महागात पडत नाहीत. डॉक्टरांनी लिहून दिलं तर त्याच खेपेत पीटी-आयएनआरसाठी (रक्त गोठायला किती वेळ लागतो, ती तपासणी) निळ्या झाकणाची नळी आणि टेस्टोस्टेरॉनचं रक्तही घेतो. तुम्ही सांगितलेल्या औषधांची नोंद रिपोर्टखाली येते, तिचे वेगळे पैसे नाहीत.

केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर त्याही सांगा. काही मशीनवर त्यांच्यामुळे पीएसए खोटा कमी दिसतो. उपाशीपोटी यायची गरज नाही. आदल्या दोन दिवसांत सायकल आणि शरीरसंबंध टाळा. लघवीला जळजळ असेल तर आधी फोन करा. आणि तपासणीसाठी म्हणून कुठलीही गोळी स्वतःहून बंद करू नका.

तपासणीचं किट बदललं की पीएसएचा आकडा थोडा बदलतो, म्हणून दर वेळी एकाच लॅबमध्ये तपासा. आमच्याकडेच या असं म्हणत नाही, पण मागचे रिपोर्ट आम्ही जपून ठेवतो आणि नव्या रिपोर्टवर जुने आकडे शेजारी छापून देतो.

घरी सॅम्पल घ्यायला बोलावणार असाल तर बाटलीच्या चारही बाजूंचे फोटो आदल्या संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर पाठवा. लेबल चिनीत असलं तरी चालेल, बॅच नंबर तेवढा स्पष्ट दिसू द्या.