तोटा जास्त, की वहीच खोटी? एव्हर्टन-फॉरेस्टचे कापलेले गुण आणि सिटीवरचे ११५ आरोप

"एव्हर्टनचे दहा गुण आठ महिन्यांत कापले. मग मँचेस्टर सिटीच्या निकालाला एवढी वर्षं कशी?" प्रीमियर लीग पाहणाऱ्यांमध्ये हा विषय निघाला की गाडी बहुधा 'पैसा बोलतो' या स्टेशनावर येऊन थांबते. पण उशिराचं मोठं कारण त्याहून साधं आहे. ही दोन प्रकरणं एका जातीचीच नाहीत. दोन्हींना सरसकट 'एफएफपी' (फायनान्शियल फेअर प्ले, म्हणजे क्लबांच्या खर्चाला वेसण घालणारे नियम) म्हणायची सवय लागली, म्हणून ती सारखी वाटतात.

दुकानदारीच्या भाषेत सांगायचं तर पहिल्या प्रकारात वही मालकानेच पुढे ठेवलेली असते. तोटा तिच्यात लिहिलेला असतो. भांडण असतं ते त्यातला किती तोटा धरायचा आणि शिक्षा किती द्यायची, यावर. दुसऱ्या प्रकारात लीगचं म्हणणं असतं की वहीतल्या नोंदीच खऱ्या नाहीत. पहिल्या प्रकाराला आकडेमोड पुरते, दुसऱ्याला साक्षीपुरावा लागतो.

पहिला प्रकार: मर्यादेपेक्षा जास्त तोटा

एफएफपी हे युरोपच्या महासंघाचं, युएफाचं, जुनं नाव. एव्हर्टन आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट अडकले ते प्रीमियर लीगच्या स्वतःच्या नियमात. त्याला पीएसआर म्हणतात, म्हणजे नफा आणि आर्थिक टिकाऊपणाचे नियम. तीन हंगामांचा मिळून करपूर्व तोटा १०.५ कोटी पौंडांच्या आत हवा, हा त्याचा गाभा. तेही मालकाने खिशातून भागभांडवल घातलं तर. नाहीतर मर्यादा १.५ कोटींवर येते. आणि क्लब त्या तीनपैकी एखादा हंगाम खालच्या चॅम्पियनशिपमध्ये खेळला असेल, तर त्या हंगामापुरते ३.५ कोटींऐवजी १.३ कोटीच धरतात.

फॉरेस्टचं गणित त्यामुळे असं झालं. २०२२-२३ पर्यंतच्या तीन हंगामांतले दोन चॅम्पियनशिपमधले, एक वरचा. १.३ अधिक १.३ अधिक ३.५, म्हणजे ६.१ कोटी. क्लबचा धरलेला तोटा निघाला ९.५५ कोटी. जादा ३.४५ कोटी. १०.५ कोटींची मर्यादा गृहीत धरून 'फॉरेस्टवर अन्याय झाला' म्हणणारे इथेच चुकत होते.

'धरलेला' हा शब्द महत्त्वाचा. अकादमी, महिला संघ, समाजोपयोगी कामं आणि स्टेडियमसारख्या बांधकामांचा घसारा हे खर्च तोट्यातून वगळले जातात. क्लबचा ताळेबंद सरकारदरबारी जाहीर होतो, पण वगळलेल्या रकमांचा तपशील त्यात नीट दिसत नाही. त्यामुळे नुसता ताळेबंदातला तोटा पाहून 'हा क्लब गेला' असं छातीठोकपणे सांगणाऱ्यावर फार विश्वास ठेवू नये.

खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची नोंद कशी होते हे कळलं की जून महिन्यातली धावपळही कळते. ५ कोटींना घेतलेला खेळाडू पाच वर्षांच्या कराराचा असेल, तर दरवर्षी १ कोटी खर्च पडतो. दोन वर्षांनी तो ४.५ कोटींना विकला, तर वहीत त्याची शिल्लक किंमत ३ कोटी, म्हणून नफा दीड कोटी. खरेदीपेक्षा कमी किमतीला विकूनही नफा! आणि अकादमीत घडलेल्या खेळाडूची वहीतली किंमत जवळपास शून्य, म्हणून त्याची सगळी विक्री नफ्यात जमा. बहुतेक क्लबांचं हिशोबाचं वर्ष ३० जूनला संपतं. न्यूकॅसलने २०२४ च्या जूनअखेरीस घरच्या एलियट अँडरसनला ३.५ कोटींना फॉरेस्टकडे धाडलं, ते प्रशिक्षकाला तो नकोसा झाला म्हणून नव्हे.

फॉरेस्टचाही घरचाच खेळाडू होता, ब्रेनन जॉन्सन. तो १ सप्टेंबर २०२३ ला ४.७५ कोटींना टॉटनहॅमला गेला. जादा तोटा ३.४५ कोटी आणि विक्री ४.७५ कोटींची, म्हणजे भोक बुजवून वर उरलं असतं. फक्त तारीख दोन महिने उशिराची. घाईने जूनमध्ये विकला असता तर कमी पैसे आले असते, उशिरा विकून क्लबची आर्थिक तब्येत उलट सुधारली, असा फॉरेस्टचा युक्तिवाद होता. लीगच्या आरोपांवर निकाल देणाऱ्या स्वतंत्र आयोगाने तो मानला नाही. इतर क्लबांनी त्याच तारखेच्या आत मन मारून खेळाडू विकले, मग तुम्हालाच मुदतवाढ का? व्यवहारी दृष्टीने फॉरेस्टचं चूक नव्हतं, पण नियम वर्षअखेरचा आकडा पाहतो, शहाणपण नाही.

शिक्षा कशी ठरली तेही पाहण्यासारखं आहे. भंगाबद्दल तीन गुण, भंगाच्या आकाराबद्दल आणखी तीन, लवकर कबुली आणि सहकार्याबद्दल दोनची सूट. १८ मार्च २०२४ ला चार गुण गेले आणि संघ सतराव्यावरून अठराव्या जागी, म्हणजे पदावनतीच्या खड्ड्यात. ७ मे रोजी अपीलही फेटाळलं. शेवटी ३२ गुणांवर ते तगले, कारण खालच्या ल्यूटनचे २६ च होते.

एव्हर्टनचा पहिला खटला जरा जास्त गुंतलेला. २०२१-२२ पर्यंतचा धरलेला तोटा १२.४५ कोटी, म्हणजे मर्यादेपेक्षा १.९५ कोटी जास्त. भंग झाला हे क्लबने शेवटी मान्य केलं. वाद उरला रकमेचा: नव्या स्टेडियमशी जोडलेलं कर्जाचं व्याज वगळायचं की नाही वगैरे. १७ नोव्हेंबर २०२३ ला दहा गुण कापले गेले आणि १४ गुणांचा संघ एका दुपारीत ४ वर आला. २६ फेब्रुवारी २०२४ ला अपिलात दहाचे सहा झाले. दहा खटकले ते एका तुलनेमुळे. प्रीमियर लीगमध्ये क्लब दिवाळखोरीच्या प्रशासनात गेला तर शिक्षा नऊ गुणांची. २०१० मध्ये पोर्ट्समथने ती भोगली. बुडण्यापेक्षा जास्त खर्च करणं महाग पडावं, हे कुणालाच पटत नव्हतं. त्याच हंगामात पुढच्या तीन वर्षांच्या हिशोबात १.६६ कोटींचा दुसरा भंग निघाला आणि आणखी दोन गुण गेले. दुसऱ्यांदा शिक्षा हलकी, कारण तीनपैकी दोन वर्षं दोन्ही हिशोबांत सामाईक होती आणि त्यांची शिक्षा एकदा भोगून झाली होती.

आता 'लवकर निकाल' कुठून आला ते. एव्हर्टनवर आरोप ठेवला २४ मार्च २०२३ ला आणि २८ मे रोजी शेवटच्या सामन्यात ते वाचले. ३६ गुण एव्हर्टनचे, ३४ लेस्टरचे. लेस्टर खाली गेलं. निकाल त्याच हंगामात लागला असता तर? या प्रश्नाने लीगला वेळापत्रक बांधायला लावलं. हिशोब ३१ डिसेंबरपर्यंत द्यायचा, पुढच्या चौदा दिवसांत आरोप ठेवायचा की नाही ते ठरवायचं आणि अपिलासकट सगळं हंगामाच्या तोंडाशी संपवायचं. म्हणून दुसऱ्या खेपेस एव्हर्टन आणि फॉरेस्ट दोघांवरही १५ जानेवारी २०२४ या एकाच दिवशी आरोप आले. हा जलद मार्ग फक्त याच प्रकारच्या प्रकरणांसाठी आहे.

जलद म्हणजे बिनवादाचा असंही नाही. लेस्टरवरही आरोप आला, पण हिशोबाचं वर्ष संपलं ३० जून २०२३ ला आणि तोवर क्लब लीगचा सदस्य राहिलाच नव्हता. सप्टेंबर २०२४ मध्ये अपील मंडळाने हा मुद्दा उचलून धरला आणि लेस्टर सुटलं. आकड्यांवर कुणी चर्चाही केली नाही.

दुसरा प्रकार: वहीवरच शंका

सिटीचं प्रकरण ६ फेब्रुवारी २०२३ ला आयोगाकडे गेलं. सिटीने सगळे आरोप नाकारले आहेत. ११५ हा आकडा असा जमतो: आर्थिक माहिती खरी न दिल्याचे ५४, खेळाडू आणि व्यवस्थापक यांच्या मानधनाचा पूर्ण तपशील न दिल्याचे १४, युएफाचे नियम न पाळल्याचे ५, पीएसआरचे ७ आणि चौकशीला सहकार्य न केल्याचे ३५. मोजणीची पद्धत बदलली की आकडा १३० च्या आसपासही जातो, कारण एकच नियम दर हंगामाला वेगळा मोजला आहे. ११५ गुणिले एव्हर्टनचे सहा, असं करून सिटीला गल्लीतल्या लीगमध्ये पाठवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

पीएसआरचे आरोप ११५ पैकी फक्त सात, आणि तेही २०१५-१६ ते २०१७-१८ या हंगामांचे. बाकीचे आरोप २००९-१० पासून सुरू होतात. तेव्हा लीगमध्ये ही तोट्याची मर्यादा नव्हतीच. ती २०१३ मध्ये आली. म्हणजे पहिल्या काही वर्षांबद्दल 'जास्त खर्च केला' हा आरोप होऊच शकत नाही. आरोप आहे तो क्लबच्या स्थितीचं खरं आणि न्याय्य चित्र न दिल्याचा.

आरोपाचं तंत्र दोन वाक्यांत मावतं. मालकाचा पैसा प्रायोजकाचा म्हणून दाखवला तर उत्पन्न फुगतं. मानधनाचा काही भाग दुसऱ्या वाटेने दिला तर खर्च घटतो. दोन्हींमुळे तोटा कागदावर लहान दिसतो. हे सिद्ध करायचं तर बेरीज-वजाबाकी कामाची नाही. पैसा मुळात कुणाच्या खात्यातून निघाला, कराराच्या मागे दुसरा करार होता का, ईमेल लिहिणाऱ्याला काय म्हणायचं होतं, हे पाहावं लागतं. मोजमाप 'जास्त शक्य काय' एवढंच असलं, तरी फसवणुकीइतका गंभीर आरोप मान्य करायला तितकाच भक्कम पुरावा लागतो.

बराचसा माल आला तो नोव्हेंबर २०१८ मध्ये डेर श्पीगेल या जर्मन साप्ताहिकाने छापलेल्या फुटबॉल लीक्सच्या, म्हणजे फुटलेल्या गुप्त कागदांतून. त्यावरून युएफाने फेब्रुवारी २०२० मध्ये दोन हंगामांची बंदी आणि ३ कोटी युरो दंड ठोकला. जुलैमध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने बंदी उठवली आणि दंड १ कोटीवर आणला. काही आरोप युएफाच्या पाच वर्षांच्या मुदतीबाहेर गेलेले होते, बाकीचे सिद्ध झाले नव्हते. 'सिटी तेव्हा निर्दोष सुटली, आता पुन्हा तेच का?' आणि 'सिटी फक्त मुदतीमुळे सुटली' ही दोन्ही वाक्यं म्हणून अर्धवट आहेत. प्रीमियर लीगच्या नियमपुस्तकात ती पाच वर्षांची अट नाही, आणि या खटल्याचं अपील क्रीडा लवादाकडे जातही नाही. ते लीगच्याच अपील मंडळाकडे जातं.

लीगची चौकशी डिसेंबर २०१८ पासूनची. कागदपत्रं द्यायची की नाही यावर दोघांचं भांडण थेट लंडनच्या अपील न्यायालयापर्यंत पोचलं होतं. जुलै २०२१ मध्ये तिथल्या न्यायाधीशांनी इतक्या काळात इतकी थोडी प्रगती झाल्याबद्दल आश्चर्य नोंदवलं. सुनावणी सुरू झाली सप्टेंबर २०२४ मध्ये आणि आटोपली त्या डिसेंबरात. २०२४-२५ चा हंगाम संपला तरी निकाल नव्हता. जानेवारीची ती चौदा दिवसांची घंटा इथे वाजतच नाही, त्यामुळे 'या आठवड्यात नक्की' म्हणणाऱ्या बातमीला आधार कसला, हे आधी विचारावं.

याच मधल्या काळात एक तिसरा खटला घुसला आणि गोंधळ वाढला. मालकाशी संबंधित कंपन्यांच्या प्रायोजकत्वाची किंमत कशी ठरवायची, या नियमांविरुद्ध सिटीच लीगवर गेली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याचा निर्णय आला तेव्हा अनेकांनी 'निकाल लागला' म्हणून जल्लोष तरी केला किंवा कपाळ तरी बडवलं. सप्टेंबर २०२५ मध्ये ते प्रकरण समझोत्याने मिटलं. ११५ आरोपांशी त्याचा संबंध नाही.

वहीचा प्रश्न क्लबने स्वतः उघड केला तर काय होतं, याचं उदाहरण चेल्सी. २०२२ मध्ये मालक बदलले, नव्यांनी जुन्या कागदांतल्या गफलती स्वतः युएफाला कळवल्या. २०१२ ते २०१९ च्या अपुऱ्या माहितीबद्दल २०२३ मध्ये १ कोटी युरोंवर तडजोड झाली. कबुली आली की वहीचा खटलाही आखूड होतो. सिटी एकही आरोप मान्य करत नाही, म्हणून प्रत्येक नोंद लढवली जाते.

शिक्षेबाबत मात्र तुलना जवळपास निरुपयोगी. पहिल्या प्रकारात आता तीन-चार निकालांचा पायंडा पडला आहे. दुसऱ्यात पायंडाच नाही. आयोगाला दंड, गुणकपात, अगदी लीगमधून काढण्याची शिफारस इथवर मोकळीक आहे. मुंबईतल्या सिटीवाल्यांना पडणारा एक प्रश्नही इथेच उरकू: २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटी एफसीत ६५ टक्के हिस्सा घेतला होता, पण आयोगाचा अधिकार फक्त प्रीमियर लीगच्या सदस्य क्लबवर चालतो. मुंबईच्या गुणतक्त्याला त्याची झळ नाही.

निकाल हातात आला की पहिल्या प्रकारात शेवटची पानं आधी उघडावीत. भंगाचे किती, आकाराचे किती, सूट कितीची, हे तिथे असतं. सिटीच्या निकालात मात्र सहकार्याचे ते ३५ आरोप वेगळे काढून वाचावे लागतील. आर्थिक आरोप सगळे पडले तरी ते आपल्या पायावर उभे राहू शकतात. २०२० मध्ये लवादाने सगळं धुऊन काढल्यावर १ कोटी युरोंचा दंड उरला, तो असहकाराचाच होता.