पाठ टाचण

शिक्षक वर्गावर जायच्या आधी तासाची जी आखणी वहीत उतरवतो ती म्हणजे पाठ टाचण. बोलताना नुसतं टाचण. वार्षिक नियोजन, घटक नियोजन आणि मग रोजचं टाचण अशी उतरंड, डीएड-बीएडवाल्यांना वेगळी सांगायला नको. शब्द टाचणे, टाचणी यांच्याच घरातला दिसतो, म्हणजे तात्पुरतं अडकवलेलं, पक्की शिवण वर्गात.

सगळा घोळ आहे तो पंचपदीचा. प्रस्तावना, प्रतिपादन, तुलना, सामान्यीकरण, उपयोजन या पाच पायऱ्या आपल्याकडे हर्बार्टच्या नावावर खपतात. योहान फ्रीडरिख हर्बार्ट (1776–1841) हा जर्मन तत्त्वज्ञ, त्याचा शिक्षणशास्त्रावरचा मुख्य ग्रंथ 1806 चा, आणि त्यात पायऱ्या चारच आहेत: स्पष्टता, साहचर्य, व्यवस्था, पद्धती. पहिलीचे दोन भाग करून पाच केल्या त्या त्याचा अनुयायी त्सिलरने, आणि आज पाठ करतात ती नावं साधारण पुढचा अनुयायी राइन याच्या मांडणीतून आलीत. काही जण पाचांचं श्रेय सरसकट हर्बार्टलाच देतात, पण ते जरा सैल वाटतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हर्बार्टच्या पायऱ्या एखादा विषय मनात कसा मुरतो याच्या होत्या, 35 मिनिटांच्या प्रत्येक तासात पाचही कोंबायच्या हा हट्ट नंतरच्या अनुयायांचा, आणि तोच तपासणीच्या वहीत येऊन बसला.

टाचणातला उद्दिष्टं आणि स्पष्टीकरणं (उद्दिष्ट साधल्याची दिसणारी लक्षणं) हा भाग अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ब्लूमच्या 1956 च्या उद्दिष्टांच्या वर्गीकरणावरून आला, 2001 मध्ये त्याची सुधारित मांडणी झाली. 'विद्यार्थ्याला समजते' असं लिहून भागत नाही, समजलं ते दिसणार कशात? म्हणून 'फरक सांगतो', 'उदाहरण देतो' अशी क्रियापदं.

प्रस्तावना मात्र खरोखर कमावायची गोष्ट आहे. सातवी विज्ञानात अनुकूलन आहे, तयार टाचणांत बहुतेक उंट नाहीतर निवडुंग असतो. नवी मुंबईत खाडीकाठच्या ऐरोली-घणसोलीच्या वर्गात तेच विचारण्यापेक्षा 'ओहोटीला निवटी (खाडीच्या चिखलातला छोटा मासा) चिखलात मरत का नाही?' असं विचारून बघा, गावठाणातली पोरं हात वर न करताच बोलायला लागतात, कुणी ती पंखांवर सरकते म्हणतो, कुणी पकडायची कशी तेच दाखवतो, आणि अंग ओलं असेपर्यंत ती कातडीतूनही श्वास घेते हे सांगायला जागा आपोआप तयार होते. तिथून तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या, चिखलातून वर आलेल्या श्वसनमुळांकडे जाणं सोपं. पाच मिनिटांची प्रस्तावना पंधरावर जाते हे खरं, मग तुलना दुसऱ्या दिवशी घ्यावी, चालतं. मूल्यमापनाला मात्र पुन्हा निवटी नको, चिंबोरी (खाडीतला खेकडा) द्यावी, नाहीतर पाठ केलेलंच परत येतं.

वेळेचं म्हणाल तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकाचे आठवड्याचे 45 तास धरलेत आणि त्यात तयारीचा वेळही मोजलाय. दोन सत्रांच्या शाळेत तो वेळ कुठे सापडतो ते ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकलने वाशीकडे जाणाऱ्यांना विचारावं, मांडीवर टाचण वही असते. जूनमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर तयार पीडीएफ फिरतात, वर्षभराच्या, तारखांची जागा कोरी ठेवलेल्या, आणि त्यातून उंट घणसोलीत पोचतो.