सरोगसीच्या गरोदरपणातील दंतारोग्य

दुसऱ्या दांपत्यासाठी मूल पोटात वाढवणाऱ्या स्त्रीच्या, म्हणजे सरोगेट मातेच्या, दातांची आणि हिरड्यांची काळजी भ्रूण गर्भाशयात सोडण्याआधीच सुरू व्हावी लागते आणि ती बाळंतपणानंतरही चालू राहते. २५ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या सरोगसी (नियमन) कायद्याने भारतात मोबदला घेऊन केलेल्या सरोगसीवर बंदी आणली. सरोगेट माता २५ ते ३५ वर्षे वयाची, लग्न झालेली आणि स्वतःचे मूल असलेली असावी व तिच्याकडे वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला असावा, अशी अट त्यात आहे. या दाखल्याच्या वेळीच दंततपासणी उरकणे शहाणपणाचे ठरते. नेहमीच्या गरोदरपणात दिवस गेल्याचे कळेपर्यंत काही आठवडे निघून गेलेले असतात. इथे मात्र तारीख आधीच ठरलेली असल्याने दातांवरचे कीटण काढणे, कीड भरणे, त्रास देणारी अक्कलदाढ काढणे आणि लागेल तो एक्स-रे घेणे ही कामे निवांतपणे आटोपता येतात.

सरोगेट मातेला भ्रूणरोपणाच्या आधीपासून इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके औषध म्हणून दिली जातात. त्यामुळे दातांच्या कडेला साचलेल्या जंतूंच्या थराला हिरड्या अधिक तीव्र प्रतिसाद देतात, त्या लाल होऊन सुजतात आणि ब्रश लागताच रक्त येते. हा त्रास साधारणपणे दुसऱ्या महिन्यापासून जाणवतो व आठव्या महिन्याच्या सुमारास सर्वाधिक असतो. काहींच्या हिरडीवर लालसर मांसल गाठ येते. ती कर्करोगाची नसते आणि बहुधा बाळंतपणानंतर आपोआप आकसते. एका बाळंतपणामागे एक दात जातो, हा समज चुकीचा आहे, कारण बाळासाठी दातांतील कॅल्शियम ओढले जात नाही. दात जातात ते कीड आणि हिरड्यांच्या दुर्लक्षित आजारामुळे. उलटीनंतर लगेच ब्रश केल्यास आम्लाने मऊ पडलेले दंतवल्क, म्हणजे दाताचे बाहेरचे कठीण आवरण, झिजते, म्हणून कपभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून चुळा भराव्यात आणि निदान अर्ध्या तासाने दात घासावेत.

सोलापुरात या सल्ल्याला मशेरीची अडचण येते. तंबाखू तव्यावर काळा होईपर्यंत भाजून, कुटून, बोटाने हिरड्यांवर चोळण्याची सवय अनेक घरांत सासूकडून सुनेकडे येते, आणि विडी वळणाऱ्या वस्त्यांत तंबाखू हाताशीच असतो. मशेरीने दात स्वच्छ होत नाहीत. उलट निकोटीन रक्तात जाते आणि बाळाचे वजन कमी भरण्याचा धोका वाढतो. सरोगेट मातेची तपासणी करताना ‘तंबाखू खाता का?’ एवढेच विचारले तर उत्तर ‘नाही’ असे येते, कारण मशेरी लावणे म्हणजे तंबाखू खाणे असे तिला वाटतच नाही. प्रश्न मशेरीचे नाव घेऊनच विचारावा. सुजलेल्या हिरड्यांना कडक भाकरीची धार टोचते. ती आमटीत चुरून खाल्ली तर जेवण सुटत नाही. उन्हाळ्यात तोंड कोरडे पडत असताना दिवसभर घोटघोट सरबत पिण्यापेक्षा साधे पाणी बरे.

गरोदरपणात दात काढू नये, ही समजूत घरोघरी ऐकू येते. प्रत्यक्षात ठणकणारा, पू झालेला दात तसाच ठेवणे अधिक घातक असते. तातडीचे उपचार केव्हाही करता येतात, बाकीचे चौथ्या ते सहाव्या महिन्यात सोयीचे पडतात. जागा बधिर करण्याचे लिग्नोकेन, पॅरासिटामॉल आणि अॅमॉक्सिसिलिन डॉक्टरांच्या सल्ल्याने चालतात. टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक मात्र बाळाच्या दातांवर कायमचे डाग पाडते. काही सरोगेट मातांना अॅस्पिरिन किंवा हेपारिन हे रक्त गोठू न देणारे औषध चालू असते, त्यामुळे दात काढताना रक्त लवकर थांबत नाही. म्हणून औषधांची चिठ्ठी दंतवैद्याला दाखवलीच पाहिजे. बाळ कोणाचे, हे सांगण्याची गरज नसते. उपचारास संमती देण्याचा अधिकार त्या स्त्रीचाच असतो, इच्छुक दांपत्याचा नव्हे.

बाळाच्या दुधाच्या दातांची घडण गर्भातच, सुमारे सहाव्या आठवड्यापासून सुरू होते, तर किडीचे जंतू जन्मानंतर सांभाळणाऱ्याच्या लाळेतून बाळाच्या तोंडात जातात. सरोगसीत गर्भ वाढवणारी आणि बाळाला सांभाळणारी माणसे वेगळी असल्यामुळे इच्छुक आईवडिलांनीही बाळ घरी येण्याआधी स्वतःची कीड भरून घ्यावी आणि त्याला भरवायचा चमचा आधी आपल्या तोंडात घालू नये.

बाळ सोपवल्यावर सरोगेट मातेच्या दातांची चौकशी सहसा कोणी करत नाही. कायद्याने तिच्यासाठी ३६ महिन्यांचा आरोग्य विमा बंधनकारक केला आहे. त्यात दंतोपचार धरले आहेत का, हे करारावर सही करण्यापूर्वीच वाचून घ्यावे. बाळंतपणानंतर काही महिन्यांनीही हिरडीतून रक्त येत असेल किंवा गाठ तशीच असेल, तर पुन्हा तपासणी करावी लागते.