रेस्पिरेटर : कामाच्या ठिकाणचा वापर आणि निगा (सोलापूर परिसर)

हवेतील घातक धूळ, धूर, वाफ किंवा वायू फुफ्फुसात जाऊ नये म्हणून नाकातोंडावर घट्ट बसवायच्या साधनाला रेस्पिरेटर म्हणतात. काही रेस्पिरेटर भोवतालचीच हवा गाळून देतात. काही बाहेरून नळीने किंवा पाठीवरच्या सिलिंडरमधून स्वच्छ हवा पुरवतात. दवाखान्यातला सैल मास्क, तोंडाला गुंडाळलेला रुमाल, उपरणे किंवा साडीचा पदर यांची गणना रेस्पिरेटरमध्ये होत नाही. कापडात मोठे तंतू अडकतात, पण फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोचणारे सूक्ष्म कण त्यातून आरपार जातात आणि कडेच्या फटींतून हवा न गाळताच आत शिरते. सोलापुरातल्या कामगारांच्या तोंडावर मात्र अजूनही सर्रास रुमालच दिसतो.

सोलापुरात 1870 च्या दशकात पहिली कापड गिरणी उभी राहिली. मोठ्या गिरण्या पुढे बंद पडल्या, तरी चादर आणि टॉवेल विणणारे यंत्रमाग पूर्व भागात आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चालू आहेत. कापसाची धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेली की बिसिनोसिस हा फुफ्फुसाचा आजार होऊ शकतो. सुट्टीनंतर कामावर आल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटणे, ही त्याची ओळखीची खूण. सुरुवातीला हा त्रास आठवड्याच्या पुढच्या दिवसांत ओसरतो, म्हणून कामगार तो अंगावर काढतात. पुढे तो रोजचा होतो. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे शासनाला कळवणे बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत, बिसिनोसिसचा समावेश होता. धोका सर्वाधिक असतो तो सूतगिरणीच्या ब्लोरूम (कापूस मोकळा करून झाडण्याचा विभाग) आणि कार्डिंग (तो पिंजण्याचा) विभागात. तयार सुतावर चालणाऱ्या मागांवर तो त्या मानाने कमी, पण तिथेही धूळ असतेच. मागावर साचलेली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवतात तेव्हा ती सगळ्या शेडच्या श्वासात जाते. ती ओढून घेणारे यंत्र वापरले, तर मास्कवरचा निम्मा भार तिथेच हलका होईल. धूळ मुळात उडू न देणे, उडालीच तर ती जिथे उठते तिथेच खेचून घेणे आणि एवढे करूनही उरेल तिच्यासाठी रेस्पिरेटर, हाच योग्य क्रम आहे. मालकाने मास्क वाटून हात झटकणे म्हणजे संरक्षणाची सगळी जबाबदारी कामगाराच्या तोंडावर बांधणे होय.

धुळीसाठीचे रेस्पिरेटर किती कण अडवतात, त्यावर त्यांची वर्गवारी ठरते. भारतीय मानक आयएस 9473 नुसार एफएफपी1, एफएफपी2 आणि एफएफपी3 हे वर्ग किमान 80, 94 आणि 99 टक्के कण अडवतात. एन95 हा अमेरिकी वर्ग 95 टक्क्यांचा. यांपैकी एकही वायू अडवत नाही, आणि जिल्ह्यात नेमका इथेच घोळ होतो. पंढरपूर भागातल्या बेदाणा शेडमध्ये द्राक्षांना गंधकाची धुरी देतात, साखर कारखान्यात रस स्वच्छ करण्यासाठी गंधक जाळतात. दोन्हीकडे तयार होणारा सल्फर डायऑक्साइड एन95 मधून सहज आत येतो. त्यासाठी आम्लवायूंचे कार्ट्रिज, म्हणजे वायू शोषणारी डबी, लावलेला मुखवटा हवा. शीतगृहात अमोनियाची गळती झाली, तर अमोनियाचे कार्ट्रिज हवे, तेही गळती थोडी असेल तरच. मोठ्या गळतीत फक्त सिलिंडरवरचे श्वसनसाधन चालते.

कार्ट्रिजच्या रंगावर विसंबणे धोक्याचे आहे. अमोनियासाठी हिरवा रंग युरोपीय आणि अमेरिकी अशा दोन्ही पद्धतींत आहे. पांढऱ्याचे तसे नाही. अमेरिकी पद्धतीत पांढरा म्हणजे आम्लवायू, तर युरोपीय पद्धतीत तोच पांढरा धुळीच्या फिल्टरचा. बाजारात दोन्ही प्रकारचा माल येतो, त्यामुळे रंग बघून न थांबता लेबलवर वायूचे नाव वाचले पाहिजे. पूर्व भागातल्या अनेक घरांत तेलुगू बोलली जाते, सीमेकडच्या गावांत कन्नड. सूचना त्या भाषांतही लावल्याशिवाय त्या पोचल्या असे म्हणता येत नाही.

बंदिस्त जागा हा सर्वांत घातक प्रसंग. मळीची टाकी, सांडपाण्याची टाकी, सेप्टिक टँक, जुनी विहीर अशा ठिकाणी प्राणवायूच कमी असतो. हवा गाळणारा रेस्पिरेटर प्राणवायू निर्माण करत नाही, म्हणून प्राणवायू 19.5 टक्क्यांहून कमी असेल तिथे तो निरुपयोगी ठरतो. सडक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू थोडा असतो तेव्हा लगेच कळतो. प्रमाण वाढले की नाकाची जाणीवच बधिर होते आणि वास गेला म्हणजे वायू गेला, असा जीवघेणा समज होतो. कारखाने अधिनियमाच्या कलम 36 ने अशा जागेत उतरण्यापूर्वी सक्षम व्यक्तीचा लेखी दाखला किंवा योग्य श्वसनसाधन, आणि बाहेरच्या माणसाच्या हाती टोक असलेल्या दोरीचा पट्टा आवश्यक केला होता. एक जण आत कोसळला की दुसरा त्याला काढायला तसाच उतरतो, मग तिसरा. वाचवणाऱ्याने साधनाशिवाय उतरायचे नाही, हे रक्ताच्या नात्यातल्या माणसालाही पाळावे लागते.

रेस्पिरेटर कितीही चांगला असला, तरी तो चेहऱ्याला चिकटला नाही तर वाया जातो. अमेरिकी नियमांनुसार नीट बसलेला अर्धमुखवटा (फक्त नाकतोंड झाकणारा) आतली घातक हवा बाहेरच्या एकदशांशापर्यंत आणतो, पूर्ण मुखवटा (डोळ्यांसह सगळा चेहरा झाकणारा) पन्नासाव्या भागापर्यंत. दाढीचे खुंटसुद्धा ही घडी मोडतात. दाढी ठेवणाऱ्यासाठी पंख्याने हवा पुरवणारा सैल टोप हा सन्मानाचा पर्याय आहे. बायकांनी पदर किंवा स्कार्फ मुखवट्याच्या कडेखाली येऊ देऊ नये आणि अंबाडा असला तरी वरचा पट्टा डोक्याच्या माथ्यावरच घ्यावा. मुखवटा चढवल्यावर दरवेळी तळहातांनी झाकून जोरात श्वास सोडून-ओढून पाहावा. कडेने हवा लागली तर पुन्हा बसवावा. कडू किंवा गोड चवीचा फवारा मारून घेतली जाणारी बसण्याची चाचणी वर्षातून एकदा व्हावी. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना दाखवावे, कारण गाळणीतून श्वास ओढायला छातीला जास्त कष्ट पडतात. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो आणि सूत तुटू नये म्हणून शेडमधले पंखे बंद ठेवतात. अशा उकाड्यात ठराविक वेळाने बाहेर येऊन मुखवटा काढायची सुटी दिली नाही, तर कामगार तो गळ्यातच लटकवणार.

एन95 धुवायचा नसतो. त्याच्या तंतूंवरचा विद्युतभार कण खेचतो, आणि साबण वा अल्कोहोलने तो भार जातो. कॉम्प्रेसरची हवा मारूनही फिल्टर साफ होत नाही, फाटतो. घामाने चिंब झालेला, दुमडलेला किंवा श्वास जड करणारा मास्क टाकून द्यावा. रबरी मुखवट्याचे फिल्टर काढून तो कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावा, चांगला विसळून सावलीत वाळवावा. रॉकेल, थिनर लावू नये. उच्छ्वासाच्या झडपेखाली सुताचा एखादा धागा किंवा केस अडकला, तर तिथून प्रत्येक श्वासाला धूळ आत येते, म्हणून रोज झडपेची पातळ पापडी उचलून पाहावी. खिळ्याला पट्ट्याने टांगलेला मुखवटा आकार सोडतो. तो झाकणाच्या डब्यात, उन्हापासून दूर ठेवावा आणि त्यावर मालकाचे नव्हे, वापरणाऱ्याचे नाव असावे. वायूचे कार्ट्रिज उघडे पडले की हवेतली वाफ शोषत राहते. त्यामुळे हवाबंद पिशवीत ठेवून, उघडल्याची तारीख लिहून, उत्पादकाच्या मुदतीत ते बदलावे. वास येईपर्यंत थांबणे म्हणजे उशीर.

विडी वळणाऱ्या बायकांचा प्रश्न वेगळा आहे. काम घरातच चालते, तंबाखूची भुकटी स्वयंपाकाच्या आणि झोपायच्या खोलीत असते, आणि दिवसभर एन95 लावून सुपासमोर बसणे त्यांना शक्य नसते. तंबाखू चाळताना, झटकताना मास्क लावणे जमण्यासारखे आहे. बाकी वेळी उघडी खिडकी, ओल्या फडक्याने पुसलेली फरशी आणि लेकरांपासून दूर ठेवलेली टोपली याच गोष्टी कामी येतात.