गुदमार्गे रक्तस्राव

शौचाच्या वेळी किंवा एरवी गुदद्वारातून रक्त जाणे. हा स्वतंत्र रोग नसून लक्षण आहे. रक्त दिसले की बहुतेक जण निदानही स्वतःच करून टाकतात: मूळव्याध. ते पुष्कळदा खरेही निघते. पण मूळव्याध सापडली म्हणून वर आतड्यात दुसरे काही नाही असे होत नाही. दोन्ही एकाच माणसात असू शकतात.

स्रावाची जागा गुदद्वाराला जितकी जवळ, तितके रक्त ताजे आणि लालभडक. मोठ्या आतड्याच्या वरच्या भागातले रक्त काळपट लाल असते. जठरातले रक्त वाटेत पचत येते, त्यामुळे शौच डांबरासारखे काळे, चिकट आणि उग्र वासाचे होते. मात्र स्राव जोराचा असेल तर वरचे रक्तही लालच उतरते. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळे आणि बीट खाल्ल्याने लालसर होते. त्यात रक्त नसते.

शौच झाल्यावर भांड्यात टपटप थेंब पडले किंवा चिळकांडी उडाली आणि दुखले काहीच नाही, तर आतल्या मूळव्याधीचा संशय येतो. काच लागल्यासारखे कापते, मग बराच वेळ आग होत राहते, रक्त मात्र पुसताना दिसणाऱ्या एका रेघेपुरते, हे फिशरचे म्हणजे गुदद्वाराला पडलेल्या चिरेचे वर्णन. वेदनेतला हा फरक शरीररचनेतून येतो. गुदद्वारापासून सुमारे २ सेंटिमीटर आत एक दातेरी रेषा असते. तिच्या खालची त्वचा अतिशय संवेदनशील असते, वरच्या अस्तराला कापल्याची वेदना कळत नाही. मोठ्या आतड्यातले पॉलिप (अस्तरावर उगवणारे कोंब) आणि बहुतेक कर्करोग याच न दुखणाऱ्या अस्तरात वाढतात. तेव्हा ‘दुखत नाही ना, मग किरकोळ असेल’ हा दिलासा नेमका उलट्या बाजूने घेतलेला असतो.

रक्त शौचात मिसळलेले असणे, सोबत आव पडणे, पुन्हापुन्हा कळ येणे ही आतड्याच्या दाहाची किंवा जंतुसंसर्गाची खूण असू शकते. शौचाची सवय काही आठवडे बदललेली असणे, कारणाशिवाय वजन उतरणे, रक्तक्षय किंवा जवळच्या नातलगाला आतड्याचा कर्करोग झालेला असणे, यांपैकी काहीही असेल तर तपासणी लांबवू नये. रक्त थांबत नसेल, गुठळ्या पडत असतील, शौच डांबरासारखे काळे होत असेल, चक्कर किंवा घेरी येत असेल, तर भेटीच्या तारखेची वाट न पाहता तातडीच्या विभागात जावे.

या तक्रारीसाठी ज्यांना दाखवायचे ते तज्ज्ञ म्हणजे पोटविकारतज्ज्ञ किंवा शल्यचिकित्सक. ‘खूप रक्त गेले’ एवढ्यावरून त्यांना फारसे कळत नाही, कारण थोड्याशा रक्तानेही भांड्यातले सगळे पाणी लाल दिसते. पुसताना डाग, थेंब की धार. शौचाआधी, सोबत की नंतर. केव्हापासून, कितीदा, हे टिपून न्यावे. मोबाइलवर काढलेला फोटो दाखवायला संकोच वाटतो, पण अर्ध्या तासाच्या वर्णनाचे काम तो करतो. चालू औषधांची यादी हवीच, विशेषतः अ‍ॅस्पिरिन, वेदनाशामके आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. हृदयासाठी दिलेली गोळी थांबवणे रक्तस्रावापेक्षा महागात पडू शकते. लाजेपोटी अनेकदा लपवली जाणारी गोष्ट म्हणजे आधी करून पाहिलेले उपाय. मलम, चूर्ण, इंजेक्शन, जे केले असेल ते सांगावे.

तपासणीत डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन निजवतात. हातमोजा घातलेले बोट, मग प्रॉक्टोस्कोप ही आखूड नळी. सहसा काही मिनिटांचे काम. फिशरमुळे बोटही सहन होत नसेल तर तसे बोलावे, तपासणी पुढे ढकलता येते. कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने सगळे मोठे आतडे पाहणे, साधारणपणे वेगळ्या दिवशी, रेचकाने आतडे साफ करून होते आणि गुंगीचे औषध दिले तर सोबत माणूस लागतो.

प्रॉक्टोस्कोपमधून शेवटचे काही सेंटिमीटरच दिसतात. त्यात मूळव्याध दिसली, तर निघण्यापूर्वी एवढे विचारावे: ‘माझे वय आणि लक्षणे पाहता वरचे आतडे तपासायला हवे का?’ तरुण वय, पुसतानाच दिसणारे रक्त आणि बाकी काही तक्रार नसेल, तर अनेकदा उत्तर ‘आत्ता नको’ असे येते. तसे असल्यास किती दिवसांत रक्त थांबले नाही तर परत यायचे, हेही तेव्हाच लिहून घ्यावे.